रिकाम्या काठाचे बारा फोटो

माझा मामा नगरपालिकेचा फोटोग्राफर होता. शहरात सगळे त्याला ‘काचवाला’ म्हणायचे, कारण तेव्हा फोटो काचेवर निघायचा आणि मामा सदानकदा काचांची जड पेटी खांद्याला लावून हिंडायचा. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं औषधाच्या डागांनी कायमची काळी पडलेली होती. आई म्हणायची, “जेवायला बसताना तरी हात धू रे.” तो म्हणायचा, “ताई, धुतलेलेच आहेत.” हे त्यांचं दर आठवड्याचं ठरलेलं भांडण.

तळ्याकाठचं आमचं शहर तेव्हा वाढत्या अंगाच्या पोरासारखं होतं. आज बेतलेलं उद्या तोकडं. नगरपालिका काहीतरी बांधत असायची आणि जे बांधेल त्याचा फोटो लागायचा. नवा धक्का, पहिली आगबोट, पंपघर, घड्याळाचा मनोरा, रविवारी बँड वाजायचा तो चौथरा, शाळेतल्या मुलींची कवायत. एकदा तर गटाराच्या तोंडाचंही उद्घाटन झालं आणि त्याचा फोटो निघाला. नगराध्यक्षांच्या नाकावर चामखीळ होती. मामा ती काचेवर बारीक ब्रशने बुजवून टाकायचा. “शहराला रोज दिसते तेवढी पुरे,” म्हणायचा. भटकं कुत्रं, वाळत घातलेले कपडे, उकिरडा, साहेबांनी बोट ठेवायचं आणि मामाने ते पुसायचं. यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही येत नव्हतं.

आई त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. त्यांचे आईवडील पटकीच्या साथीत एकाच आठवड्यात गेले, तेव्हा मामा दोन वर्षांचा होता. आईने त्याला कडेवर घेऊन लव्हाळ्याच्या चटया विणल्या आणि विकल्या. लग्न ठरलं तेव्हा तिने बाबांना साफ सांगितलं, “माझ्यासोबत भाऊ येईल. चालत असेल तर बघा.” बाबा होडीवाले. ते म्हणाले, “होडीत दोघं बसतात तिथं तिसराही बसतो.” असा मामा आमच्या घरात वाढला. नोकरी लागल्यावर त्याने शहरात खोली घेतली, पण सुट्टीच्या दिवशी त्याचं पान आमच्याकडेच असायचं.

आमची वस्ती जुन्या धक्क्यापासून लाकडाच्या वखारीपर्यंतच्या पट्ट्यात होती. ऐंशी घरं. फळ्यांच्या भिंती, वर कौलं, मागे होड्या ओढून ठेवायला उतार. आमचं घर धक्क्याकडून तिसरं. एक खोली, पुढे पडवी, पडवीत आईच्या चटयांचे गुंडाळे. समोरच्या दारात जाळेवाले आजोबा बसायचे. ते दोन्ही डोळ्यांनी आंधळे होते. फाटकं जाळं मांडीवर घेऊन दिवसभर गाठी मारायचे. बोटं सोडली तर त्यांचं अंग हलायचं नाही. आम्ही मुलं त्यांच्यासमोरून चवड्यांवर जायचो, तरी ते नावानिशी हाक मारायचे. वस्तीतली प्रत्येक वाट त्यांना पावलांनी पाठ होती. विहिरीपर्यंत एकशे चाळीस पावलं, वखारीपर्यंत तीनशे दहा.

मी नऊ वर्षांची असताना एका दुपारी मामा कॅमेरा घेऊन वस्तीत आला. सुट्टीचा दिवस नव्हता. इंजिनिअरसाहेबांनी अख्ख्या काठाचे बारा फोटो मागवले होते. वेळही त्यांनीच ठरवून दिली होती. भर दुपार, उजेड सगळ्यात हळू टिपणारी मंद काच आणि कॅमेऱ्याचं तोंड होता होईल तेवढं बारीक. “घरांची रेघन्‌रेघ आली पाहिजे,” असं ते म्हणाले होते. म्हणजे कॅमेऱ्याचं झाकण काढून मोजून पंधरा सेकंद उघडं ठेवायचं. त्या वेळी पुरुष माणसं पाण्यावर असायची. बायकांची ये-जा चालू होती, कुणाच्या डोक्यावर पाण्याची कळशी, कुणाच्या काखेत मूल. आम्ही पोरं कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिलो.

“मामा, आम्हाला काढ!”

“पंधरा सेकंद पुतळ्यासारखी राहाल? एक जण तरी?”

आम्हाला कुठलं जमायला! आम्ही फिदीफिदी हसलो आणि इकडून तिकडे धावत सुटलो. मामाही हसला. म्हणाला, “धावा, खुशाल धावा. तुम्ही कुठं येणार आहात यात! हललेलं माणूस काचेवर उमटत नाही.”

बारा काचा धुऊन झाल्या. अकरांमध्ये एकही माणूस नव्हतं. बाराव्या काचेत दारात बसलेले जाळेवाले आजोबा स्वच्छ आले होते, गाठी मारणारी बोटं तेवढी धुरकट. इंजिनिअरसाहेबांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, “हा म्हातारा मध्येच कशाला? भिंत साफ दिसू द्या.” मामाने ब्रश उचलला. अर्ध्या तासात आजोबांच्या जागी फळ्या आल्या. मामाचा हात इतका सफाईदार होता की जोड कुठं आहे हे त्याला स्वतःलाही नंतर सापडायचं नाही.

तीन आठवड्यांनी वस्तीत नोटीस लागली. काठावरची ‘हंगामी छपरं’ हटवून तिथे दगडी तट आणि फिरायचा रस्ता होणार होता. हंगामी! बाबांचे आजोबा त्या घरात जन्मले होते. वस्तीने हरकत घेतली, म्हणून नगरपालिकेच्या सभागृहात सुनावणी ठेवली. सुनावणीआधीच्या सुट्टीला मामा आमच्याकडे जेवायला आला नाही. कामाचं निमित्त सांगून निरोप पाठवला. आईने त्याचं ताट झाकून ठेवलं, आणि संध्याकाळी मला वाढलं.

सुनावणीला आई मला घेऊन गेली. भिंतीवर ते बारा फोटो एका ओळीत टांगलेले होते. मी आधी आमचं घर शोधलं. सापडलं. पडवीसुद्धा दिसत होती. मग मी स्वतःला शोधायला लागले, कारण मी त्या घरासमोरून निदान दहा वेळा धावले होते.

वरून आलेले अधिकारी टेबलामागे बसले होते. इंजिनिअरसाहेबांनी काठीने एकेक फोटो दाखवला. “भर दिवसाचे फोटो आहेत, साहेब. सावल्या पाहा. ऐन दुपारी पूर्ण काठावर एक माणूस नाही. मोसमात मासे ठेवायला ही छपरं उघडतात, एरवी बंद असतात.”

बाबा उठून उभे राहिले. “साहेब, मी तिथला. हे सगळे तिथलेच. ऐंशी घरचे आम्ही तुमच्यासमोर उभे आहोत.”

“इथे उभे आहात,” अधिकारी म्हणाले. त्यांचा आवाज वाईट नव्हता, कंटाळलेला होता. “नुकसानभरपाई म्हटली की माणसं कुठूनही गोळा होतात. मी पुरावा पाहणार.”

“मग ज्याने फोटो काढला त्यालाच विचारा,” बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा थोडा धीर पाहिला. आपलंच माणूस होतं ना.

मामाला पुढे बोलावलं. तो आमच्याकडे न बघता टेबलासमोर गेला.

“हे फोटो तुम्ही काढले?”

“हो.”

“भर दुपारी?”

“हो.”

“यात खोटं काही आहे?”

मामाने आईकडे पाहिलं. आई जागेवरून अर्धवट उठली होती, लहान मूल पाठ म्हणताना अडतं आणि आई ओठांनी पुढचा शब्द सांगते, तशी.

“फोटो मीच काढलेत,” तो म्हणाला.

“विचारलं ते सांगा. खोटं आहे?”

“नाही.”

बस्स. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. आई खाली बसली. जाळेवाले आजोबा आमच्या मागेच होते. ते बाबांच्या दंडाला हात लावून विचारत राहिले, “काय झालं? तो काय म्हणाला? फोटोत मी आहे ना? मी तर दारातच होतो.”

घरं पाडली त्या सकाळी मामाला तिथे कामावर पाठवलं होतं. पाडकामाचेही फोटो हवे होते. तो तिपाई रोवून उभा होता आणि आई त्याच्या समोरून पेटारा ओढत नेत होती. तिने मान वर केली नाही. मामा पुढे होऊन पेटाऱ्याला हात लावायला गेला, तेव्हा बाबा म्हणाले, “राहू दे. तुझं काम कर.” बाबांच्या तोंडून शिवी आली असती तर बरं झालं असतं, असं मामाने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं.

आम्हाला शहराच्या मागच्या अंगाला, बंद पडलेल्या चुन्याच्या खाणीशेजारी जागा दिली. तळं तिथून तासाभराच्या वाटेवर. होडी ठेवायला जागा नाही, म्हणून बाबांनी ती विकली आणि नव्या तटाच्या कामावर दगड वाहायला जाऊ लागले. ज्या उतारावर त्यांची होडी असायची, त्यावर त्यांनी स्वतःच्या हातांनी भर टाकली. घरी आल्यावर ते फार बोलत नसत. आई एकदा चिडून म्हणाली, “तुम्ही त्याला एक शब्द बोलला नाहीत.” बाबा म्हणाले, “आपलेच दात, आपलेच ओठ.”

मामा आला होता. पहिल्याच महिन्यात, हातात कसलंसं गाठोडं घेऊन. आईने कडी काढली नाही. फळीच्या फटीतून तिला तो दिसत होता, मलाही दिसत होता.

“ताई, मी आहे.”

“कोण पाहिजे?”

“ताई, दार उघड ना.”

“इथं कुणी राहत नाही,” आई म्हणाली. “तुझ्या फोटोत बघ.”

तो गाठोडं उंबऱ्याशी ठेवून गेला. आईने ते उघडलंही नाही. शेजारणीला दिलं.

जाळेवाल्या आजोबांना नव्या जागेत वाटच सापडेना. मोजलेली पावलं सगळी वाया गेली होती. ते रोज सकाळी काठी घेऊन नव्याने मोजायला निघायचे, चुकायचे, कुणीतरी हाताला धरून परत आणायचं. “जमेल हळूहळू,” म्हणायचे. चौथ्या महिन्यात एका सकाळी ते परत आले नाहीत. खाणीत पाणी साचलेलं होतं. दुपारी बाबांनी आणि आणखी दोघांनी त्यांना बाहेर काढलं. काठी वर काठावर नीट ठेवलेली होती. त्यामुळे ते पडले की उतरले, हे कुणाला ठरवता आलं नाही. कुणी ठरवायचा आग्रहही धरला नाही.

ही बातमी मामाला कळली तेव्हा तो नोकरीत कायम झाला होता. त्याला नगरपालिकेची दोन खोल्यांची जागा मिळाली होती. दुसऱ्या दिवशी तो इंजिनिअरसाहेबांच्या खोलीत गेला आणि त्याने लेखी जबाब टेबलावर ठेवला. पंधरा सेकंदांत चालतं माणूस उमटत नाही, अकरा काचांच्या वेळी काठावर माणसं होती, बाराव्या काचेतला म्हातारा मी माझ्या हाताने बुजवला आणि तो आता मेला आहे, असं सगळं त्यात होतं.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. “हात दाखवून अवलक्षण कशाला करता, काचवाले? सुनावणी झाली, घरं गेली. आता याचा कुणाला उपयोग?”

“पोचेचा शिक्का द्या,” मामा म्हणाला.

शिक्का मिळाला. महिन्याभरात कामावरून काढल्याचं पत्रही मिळालं. कारण दिलं होतं, सरकारी काचांमध्ये परवानगीविना फेरफार. त्याने स्वतःच तर कबुली दिली होती. जबाबाची एक प्रत घेऊन तो वकिलांकडे गेला. वकिलांनी बाराव्या काचेची मागणी केली. उत्तर आलं की ती काच हाताळताना फुटली. बाकीच्या अकरा सुरक्षित होत्या.

आईला हे सगळं बाबांकडून कळलं. ती चटई विणत होती. हात न थांबवता म्हणाली, “वरातीमागून घोडं.” पण त्या दिवशी तिने विणलेली कडा वाकडी गेली आणि ती पूर्ण उसवावी लागली.

मामा मग नव्या रस्त्यावरच येऊन बसला. तटाला दिव्याचे खांब आले होते, बाकं आली होती, संध्याकाळी बायकामुलं नटूनथटून फिरायला यायची. मामा लाकडी पेटीचा कॅमेरा लावून त्यांचे उभ्याउभ्या फोटो काढून द्यायचा. मागे तळं, पुढे जोडपं. पंधरा वर्षांची झाल्यावर मी शिवणकारखान्यात लागले आणि घरी न सांगता त्याला भेटू लागले. आईला ते माहीत असणार. माझ्या उशीर होण्याबद्दल तिने कधीच विचारलं नाही.

“या बाकाखाली तुमची चूल होती,” मामा पहिल्याच भेटीत म्हणाला. “मी मापं काढलीत. पलीकडच्या दिव्याशी आजोबांचं दार.”

मी सरळच विचारलं. “मामा, तू त्या दिवशी बोलला का नाहीस?”

“आदल्या दिवशी साहेबांनी खोल्यांच्या किल्ल्या दाखवल्या होत्या. पण ते कारण म्हणून सांगितलं तर ते पण खोटंच. मला वाटलं होतं, मी बोलणार. तिथे जाईपर्यंत वाटत होतं. एवढंसं वाक्य होतं गं ते. तुम्हा पोरांना सहज सांगितलं होतं. तिथे दातखीळ बसली, आणि पुढचा प्रश्न आला.”

माफ करण्याचा अधिकार माझा नव्हता, आणि शिव्या द्यायला जीभ उचलत नव्हती. समोर एक जोडपं येऊन उभं राहिलं. मामाने डोक्यावर काळं कापड घेतलं.

अशी वर्षं गेली. बाबा खोकल्याने गेले. दगडाची धूळ छातीत बसली होती. मामाची नजर औषधांनी आणि उन्हाने अधू होत चालली. मग नगरपालिकेला अमुक इतकी वर्षं झाली म्हणून घड्याळाच्या मनोऱ्याखालच्या दालनात ‘आपलं शहर, आपला काठ’ असं प्रदर्शन भरलं. मामा म्हणाला, “मला घेऊन चल.”

दालनात निम्मे फोटो त्याचेच होते. आगबोट, पंपघर, कवायत, बँड. खाली नाव कुणाचंच नव्हतं. मामा फोटोला नाक लावून लावून पाहत होता आणि मधूनच खूश होत होता. “ही बघ, या दिवशी बँडचा ढोल फाटला होता.” मग आम्ही त्या अकरा फोटोंपाशी आलो. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘विकासापूर्वीचा निर्जन किनारा’.

मला वाटलं तो निमूट पुढे सरकेल. तो तिथेच उभा राहिला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला. “हे पहिलं घर डांबरवाल्याचं. त्याला पाच मुली. हे दुसरं, दोघी जावांचं, आतून भिंत घालून वेगळं झालेलं. हे तिसरं माझ्या बहिणीचं. ही दिसते ना रिकामी जागा, इथे ही माझी भाची धावत होती. ही बघा, ही.” लोक माझ्याकडे बघायचे, हसायचे, पुढे जायचे. एका बाईंनी आपल्या मुलाला बाजूला ओढून घेतलं. मामाचा आवाज चढत गेला. तो चौथ्या फोटोपर्यंत पोचला, इतक्यात पहारेकरी आला.

“काका, चला बाहेर. हवेत बसा जरा.”

“सात फोटो राहिलेत.”

“उद्या सांगा.”

“मी हे तेव्हा सांगायला पाहिजे होतं,” मामा त्याला म्हणाला.

“बरं बरं,” पहारेकरी म्हणाला आणि त्याने मामाला दंडाला धरून, अगदी सांभाळून, पायऱ्या उतरवून दिल्या. फोटोंखालचा मजकूर बदलावा म्हणून मी अर्ज दिला. पुढच्या वर्षी प्रदर्शनाचं पुस्तक निघालं, त्यातही तोच मजकूर होता.

त्यानंतर मामा फार दिवस काढू शकला नाही. धर्मादाय दवाखान्यात त्याला टाकलं तेव्हा मी आईला घरी येऊन सांगितलं. ती आता थकली होती, कंबरेत वाकली होती. तिने ऐकून घेतलं, उठली आणि मऊ भात केला. डबा माझ्या हातात दिला. सोबत आली नाही. असे नऊ दिवस गेले. रोज डबा, रोज तोच मऊ भात. मामा चव घेऊन पाहायचा आणि दाराकडे बघायचा.

“ती नाही आली?”

“नाही.”

“बरोबर आहे तिचं.”

नवव्या दिवशी त्याने घास घेतला नाही. दहाव्या दिवशी सकाळी मी पोचायच्या आधीच त्याला मागच्या खोलीत हलवलं होतं. मी घरी आले. आई डबा भरत होती. माझं तोंड पाहून तिने झाकण लावायचं थांबवलं आणि चपला घातल्या. बाबा गेल्यापासून ती शहरात पाऊल टाकत नव्हती. वाटेत ती एकदाही बसली नाही.

दवाखान्याच्या कारकुनाने वही पुढे ओढली. “घेऊन जाणारं माणूस कोण? मयताचं नातं?”

मी पुढे झाले. आईने मला बाजूला सारलं.

“मी बहीण,” ती म्हणाली. “दोन वर्षांचा असल्यापासून मी वाढवलाय त्याला.”

“राहत कुठे होते?”

आईने मला विचारलं. तिला ते ठाऊक नव्हतं. मी खोलीचा पत्ता सांगितला, कारकुनाने लिहून घेतला, आणि आम्ही आत गेलो. आईने चादर बाजूला केली आणि त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला. तिथे बादलीत पाणी होतं. पदर भिजवून ती त्याची तीन काळी बोटं घासत राहिली. डाग निघणार नव्हते. मी बादली तिच्याजवळ सरकवली.